दुसऱ्या फळीतलं नाव

"मुद्दाम बोललीस तू," लेक म्हणाली. "त्या बाई निघाल्या होत्या. पायात चपला घातल्या होत्या त्यांनी. तेव्हा बोललीस."

"विचारलं त्यांनी. म्हणून बोलले."

"तुला नव्हतं विचारलं. काकूला विचारलं होतं."

"मग काकूने द्यायचं होतं उत्तर. तिच्या तोंडाला कुणी कुलूप घातलं होतं?"

जिच्यावरून हे चाललं होतं ती धाकटी जाऊ दोघींकडे पाठ करून कप विसळत होती. तिने नळ तेवढा जरा मोठा सोडला.

"तो नळ बंद कर गं," सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. "मला नीट ऐकू येत नाहीये."

"ऐकण्यासारखं काही नाही त्यात," थोरली म्हणाली.

"ते माझं मी ठरवेन. सकाळी सगळ्याजणी मला एकटीला टाकून गेलात. निदान भांडण तरी वाट्याला येऊ दे."

धाकटीने नळ बंद केला आणि हात पुसत तशीच उभी राहिली.

झालं होतं ते असं. धाकटी चालवते त्या पाळणाघराला एका मोठ्या फाउंडेशनचं अनुदान मिळण्याच्या बेतात होतं. शेवटची पाहणी करायला फाउंडेशनच्या एक बाई सकाळी येऊन गेल्या. त्यांनी सगळं बघितलं, मुलांशी बोलल्या, खूश दिसल्या. निघता निघता त्यांनी धाकटीला विचारलं, तुमच्यामागे सगळं सांभाळायला ही तुमची पुतणी आहे असं अर्जात लिहिलंय, ती निदान वर्षभर तरी राहील ना? धाकटीने तोंड उघडायच्या आत थोरली मागून म्हणाली, "ती कुठली राहते. तिची परीक्षा आहे. अर्जात कुणाचं तरी नाव लागतं, म्हणून मी लिहिलं."

त्या बाईंनी घातलेल्या चपला पुन्हा काढल्या आणि त्या आत येऊन बसल्या. आवाज चढवला नाही, पण बोलणं बदललं. आठवड्याभरात संस्थेने लेखी कळवावं, म्हणाल्या. मागे सांभाळणारं माणूस कोण, आणि ते खरोखर राहणार का. तोवर मंजुरी थांबेल.

आता तो अर्ज लिहिला होता थोरलीनेच, आणि ज्या पुतणीचं नाव त्यात होतं ती थोरलीची एकुलती एक लेक होती. त्यामुळे घरात नक्की कोणी कोणावर चिडायचं याचाही गोंधळ होता.

थोरलीला गल्लीत 'अर्जवाल्या बाई' म्हणतात. जिन्याखालच्या खोलीत तिचं ऑफिस आहे. खोली कसली, पूर्वी तिथे सायकली आणि रद्दी असायची. आता एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि बसायला आलेल्याच्या डोक्याला लागेल अशी जिन्याची तिरपी बाजू. नवीन माणूस उठताना हमखास आपटतो. जुने वाकून उठतात.

ती बरीच वर्षं एका देणगी देणाऱ्या ट्रस्टच्या कचेरीत कारकून होती. आलेले अर्ज फोडायचे, शिक्का मारायचा, गठ्ठे करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. मंजुरीचा गठ्ठा लहान, नकाराचा मोठा. कुठला अर्ज कुठे जाणार हे पुढेपुढे तिला पाकीट फोडतानाच कळायला लागलं. ट्रस्टने गाशा गुंडाळला तेव्हा बाकीच्या कारकुनांनी नोकऱ्या शोधल्या, हिने टेबलाची बाजू बदलली. गरिबांसाठी काम करणाऱ्या लहान लहान संस्थांना कुठून पैसे मिळतील ते शोधायचं आणि त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, हा तिचा धंदा झाला.

तिच्याकडे माणसं पिशवीत कागद कोंबून येतात. बहिऱ्या मुलांची शिकवणी घेणारे निवृत्त मास्तर, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या संघटनेची खजिनदार, जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करून गरजूंना देणारा मेकॅनिक. बसल्या बसल्या सगळे एकच विचारतात, कोण देईल हो पैसे? थोरली म्हणते, देणारे पुष्कळ आहेत, आधी कशाला हवेत ते सांगा. मग माणूस तासभर समाजाबद्दल बोलतो आणि शेवटी एका वाक्यात म्हणतो, बाई, खोलीचं छप्पर गळतंय. ते वाक्य ती लिहून घेते. बाकीचा तास चहात जमा.

देणाऱ्यांच्या तऱ्हा तिला तोंडपाठ आहेत. रंगाची कंपनी शाळांना देते, पण भिंती रंगवून झाल्याचे फोटो मागते, शाळेला मास्तर नसला तरी चालतं. एक श्रीमंत विधवा फक्त म्हाताऱ्यांना देते आणि तेही पत्र हाताने लिहिलेलं असेल तरच. बँकेचं फाउंडेशन कॉम्प्युटर देतं, तो सुरू करणाऱ्या माणसाचा पगार देत नाही. कोणाची गरज कोणाच्या हौशीत बसते ते जुळवणं हेच खरं काम, लिहिणं नंतरचं. लग्नं जुळवण्यासारखंच आहे, असं ती म्हणते, फक्त यात दोन्हीकडची माणसं खोटं जरा कमी बोलतात. मिळालेल्या अनुदानात टक्केवारी ती घेत नाही. आपली ठरलेली मजुरी आधीच घेते, मग अर्ज मंजूर होवो की न होवो. टक्केवारी घेतली की आपण दलाल, हे तिचं ठाम मत आहे.

आणि एक. ज्या कामाबद्दल लिहायचं ते ती बघायला जात नाही. जाऊन बघितलं की दया येते, आणि दया आली की लिहिलेलं भिजून जातं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे धाकटीचं पाळणाघर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही थोरलीने कधी त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. निदान तिने स्वतःला कारण हेच सांगितलं होतं.

खरं कारण धाकटी होती.

धाकटीमध्ये काय आहे ते सांगता येत नाही, पण ती खोलीत आली की माणसं तिच्याकडे वळतात, कुणीतरी खिडकी उघडल्यावर वळावीत तशी. शिक्षण बेताचं. लिहायला बसली की एकच वाक्य पानभर चालतं. पण लग्न होऊन आली त्या वर्षीच शेजारच्या कुत्र्यापासून सासूबाईंपर्यंत सगळे तिचे झाले. थोरलीने त्याआधी बरीच वर्षं या घरात खस्ता खाल्ल्या होत्या. सासूबाईंची पथ्यं, नवऱ्याची बदली, दिराचं लग्न, सगळं निस्तरलं होतं, आणि सासूबाई तिला 'कर्तबगार' म्हणायच्या. धाकटीला काही म्हणायच्या नाहीत, नुसत्या जवळ बसवून घ्यायच्या. हा फरक थोरलीला कळत नव्हता असं नाही.

ऑफिसं झाडायला-पुसायला पहाटे जाणाऱ्या बायकांची मुलं धाकटीने आधी वरच्या मजल्यावर सांभाळायला घेतली. मुलं वाढली तेव्हा लाँड्रीच्या मागचा हॉल भाड्याने घेतला. आता लाँड्रीवाल्याला तो हॉल नव्या मशीनसाठी हवा होता. वर्षभराचं भाडं एकदम आणि लेखी करार, नाहीतर जागा सोडा, म्हणाला. त्यासाठी हे अनुदान.

याआधी एकदा पाळणाघराची बातमी पेपरात आली होती. कडेवर मूल घेतलेली धाकटी, आणि खाली ठळक अक्षरात तिचं म्हणून एक वाक्य. 'आई कामावर असते तेव्हा तिचं मूल कुठे असतं, हे त्या चकचकीत फरशीला कोणी विचारत नाही.' वाक्य थोरलीचं होतं. एका जुन्या अर्जातून उचललेलं. धाकटी भोळेपणाने सगळ्यांना सांगत सुटली की अहो ते ताईंचं आहे, मला कुठलं सुचतंय असलं. त्याने तर थोरलीच्या अंगाची जास्तच आग झाली. चोरलं असतं तर भांडता आलं असतं. सासूबाईंनी तो फोटो फ्रिजवर लावला. थोरलीने फ्रिज पुसायचा म्हणून तो काढला आणि परत लावायला विसरली. सासूबाई विसरल्या नाहीत.

धाकटीला स्वतःची दोन मुलं आहेत, शिवाय हॉलभर दुसऱ्यांची. थोरलीची ही एकच. अकाउंट्सच्या मोठ्या परीक्षेचा अभ्यास करणारी, आकड्यांत हुशार, आणि बोलायला आईसारखीच तिखट. परीक्षा झाली की तिने जिन्याखालच्या खोलीत आईबरोबर बसायचं, अर्जांचे हिशेब तिने बघायचे आणि मजकूर आईने, असं थोरलीने ठरवून टाकलं होतं. तिच्यासाठी दुसरं टेबल कुठे बसेल याची मापंही घेऊन झाली होती. लेकीने या बेताला कधी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं, आणि आयांना तेवढं पुरतं.

मग तो अर्ज आला. या फाउंडेशनच्या अर्जात एक प्रश्न असतो, संस्थेची दुसरी फळी कोणती? म्हणजे चालवणारं माणूस आजारी पडलं, गेलं, कंटाळलं तर काम कोण पुढे नेणार. एकट्या माणसाच्या जिवावर चालणारी संस्था बहुतेक देणारे बाजूला ठेवतात. थोरलीने असे कितीतरी अर्ज मोठ्या गठ्ठ्यात ठेवलेले. धाकटीकडे दोन मदतनीस होत्या. एकीला नवऱ्याच्या भीतीने कागदावर नाव नको होतं, दुसरी आज आहे तर उद्या नाही. अर्ज पाठवायची मुदत संपत आलेली. थोरलीने लिहून टाकलं लेकीचं नाव. पुढे 'नात्याने पुतणी' असंही लिहिलं, कारण नातं असल्याने अर्ज पडत नाही, लपवल्याने पडतो, हे तिला ठाऊक होतं. वर दोन वाक्यं घातली, हिशेबाची जाण आहे, मुलांमध्ये रमते. दुसरं वाक्य तिने सवयीने लिहिलं. असली वाक्यं तिच्या हातातून आपोआप येतात.

रात्रीच्या जेवणाला तिने लेकीला सांगितलं, "काकूच्या कागदावर तुझं नाव घातलंय. पाहणीला येतील तेव्हा तोंडओळख असू दे, दोन-चार दिवस जाऊन ये."

लेक गेली. दोन-चार दिवस झाले, पंधरवडा झाला, आणि ती रोज पहाटे काकूबरोबर जायला लागली. आधी म्हणे हजेरीचा तक्ता नीट लावून देते. मग म्हणे एक मुलगा फक्त माझ्याच हातून खातो. पुस्तकं उघडी ठेवून जाऊ लागली, मग बंद करून. थोरलीने एकदा विचारलं, अभ्यास? ती म्हणाली, तिथे बसून करते. मुलं झोपतात तेव्हा. बोलावं तर काय बोलावं? पाठवलं होतं थोरलीनेच.

आज सकाळी ती पहिल्यांदा तिथे गेली. अर्ज लिहिणारीने पाहणीला हजर राहायची काही गरज नसते. तरी गेली.

जिच्यापलीकडे लाँड्रीची वाफ असते ती हॉलची एक भिंत कायम ऊबदार असते. काही मुलं तिला लागून ओळीने झोपलेली. त्या भिंतीजवळच्या जागेवरून रोज भांडणं होतात, धाकटी त्या बाईंना सांगत होती, म्हणून आम्ही पाळी लावलीय, पण पाळी कुणी पाळत नाही. बाई हसल्या. थोरली दाराशी उभी राहिली. बसायला सगळी लहान मुलांची स्टुलं, त्यावर बसून कुणाचा रुबाब राहात नाही.

तेवढ्यात कोपऱ्यात एकाने दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. किंचाळी उठली. धाकटी उठायच्या आत लेक तिथे पोचली होती. ती उकिडवी बसली, रडणाऱ्याचा नाही, चावणाऱ्याचा हात धरला, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "सांग बघू काय झालं. हळूहळू सांग. मला घाई नाहीये."

ते वाक्य धाकटीचं होतं. घरात धाकटी ते सासूबाईंना म्हणते, स्वतःच्या मुलांना म्हणते, रडवेल्या शेजारणीला म्हणते. तोच सूर, शेवटी तसाच उतरणारा. मान तिरकी करायची लकबही तीच. घरात ही मुलगी आईच्या प्रश्नाला मोबाइलमधून डोकं वर न काढता 'हं' म्हणते. आणि इथे हिला घाई नाही.

पाहणीच्या बाई बघत राहिल्या. मग धाकटीला म्हणाल्या, "तुमची पुतणी अगदी तुमच्यासारखी आहे हो."

"छे, दिसायला आईवर गेलीय," धाकटी लगेच म्हणाली आणि कौतुकाने थोरलीकडे हात केला. "या तिच्या आई. आमचे अर्ज याच लिहितात."

बाईंनी थोरलीकडे बघून मान हलवली. दिसायला. म्हणजे बाकी सगळं धाकटीचं, आणि आईचं काय, तर नाक. त्यानंतर बाई काय बोलल्या, कुठले कागद बघितले, थोरलीला धड आठवत नाही. चपला घालताना त्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हाचं मात्र लख्ख आठवतं. उत्तर तिच्या तोंडात तयारच होतं.

"परीक्षेसाठी नाही बोललीस तू," लेक आता स्वयंपाकघरात म्हणत होती. "परीक्षेचं एवढं होतं तर मला तिथे पाठवलंस कशाला?"

"पाठवलं होतं दोन-चार दिवस. मुक्काम ठोकायला नाही."

"मी तुझ्या त्या जिन्याखाली बसत नाहीये म्हणून राग आहे तुला."

"आत्ता मुद्द्यावर आली पोर," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा हो," थोरली म्हणाली. सासूबाईंना असं ती आजवर कधी बोलली नव्हती. सासूबाईंनाही ते इतकं नवीन होतं की त्या खरोखर गप्प बसल्या.

धाकटी पुढे झाली. "ताई, तुमची इच्छा नसेल तर मी दुसरं कुणीतरी बघते. कळवू आपण त्यांना तसं."

"कोण आहे तुझ्याकडे दुसरं?"

धाकटीने विचार केला. "कुणी नाही," ती म्हणाली.

"मग कशाला मोठेपणा दाखवतेस?"

"मोठेपणा नाही हो. तुमची मुलगी आहे."

"हो ना? मला वाटलं विसरलात सगळे."

लेक पाय आपटत जिना चढून वर गेली. वर म्हणजे काकूकडे. खालची खोली तिची असताना. थोरलीने पावलं ऐकली आणि धुतलेलाच एक कप उगाच पुन्हा धुतला.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, पायमोजे काढले आणि म्हणाला, "अगं मग लिहून टाक ना काहीतरी. तुझं कामच आहे ते."

"काहीतरी म्हणजे काय?"

"म्हणजे, जे काय लिहितेस ते."

तिने त्याला चहा दिला नाही. त्याला ते कळायला बराच वेळ लागला.

पुढचे दिवस घरात सगळे पायांचा आवाज न करता वावरत होते. पत्राचा विषय कुणी काढेना. धाकटीने विचारलंसुद्धा नाही, आणि लिहायला बसलीही नाही. तिच्या मनात थोरलीला सोडून दुसऱ्या कुणाकडे जायचं येतच नव्हतं. लाँड्रीवाल्याने हॉलच्या दारात मोकळी खोकी आणून रचायला सुरुवात केली, एवढं दिराकडून कळलं. थोरलीने प्रिंटर उघडून साफ केला. परत बंद केला. पत्र दहाच ओळींचं लागणार होतं. 'सदर व्यक्ती उपलब्ध नाही' असं लिहिलं असतं तर लेक परत खाली आली असती, टेबलाला टेबल लागलं असतं. हॉल गेला असता, त्या बायकांनी मुलं कुठेतरी ठेवली असती. कुठे, हे कुणी विचारलं नसतं. 'सदर व्यक्ती राहील' असं लिहिलं असतं तर आपल्या हाताने, आपल्याच शब्दांत, लेक तिकडे देऊन टाकली असती. एकदा नकळत दिली होती. आता कळून.

पहाटे तिला आधी कधी जाग यायची नाही. त्या आठवड्यात येऊ लागली. अंथरुणात पडल्या पडल्या तिला बाहेरच्या दाराशी दोघी ऐकू यायच्या. बुटांच्या नाड्या, किल्ल्या, पिशवीची चेन. कुजबुज, कारण थोरली झोपलीय, तिची झोप मोडायला नको. आणि मग दाबून हसणं. काय हसायच्या देव जाणे. एकदा लेकीला हसू आवरेना तेव्हा धाकटी 'शूऽऽ, आई उठेल' म्हणाली. आई. तुझी आई नाही, नुसतं आई, जसं एकाच घरातलं एक माणूस दुसऱ्याला म्हणतं. दार ओढलं गेलं. रस्त्यावरूनही हसू ऐकू येत राहिलं, मग येईनासं झालं.

किती दिवस हे असंच चाललं असेल? ती झोपलेली असताना रोज पहाटे या घरातून दोघी हसत जात होत्या, आणि तिने अर्जात लिहिलं होतं, मुलांमध्ये रमते. ते वाक्य खोटं आहे समजून लिहिलं होतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी व्हीलचेअरवाला मेकॅनिक आला. त्यालाही त्याच फाउंडेशनचा अर्ज भरायचा होता.

"बाई, हे दुसरी फळी म्हणजे काय टाकू?"

"जो खरंच येतो त्याचं नाव लिहा."

"माझा मेव्हणा टाकू का? बोलायला बरा आहे."

"येतो का तो?"

"येत नाही."

"मग नका टाकू."

"मग कोण? खरं सांगायचं तर कुणीच येत नाही बाई. मी एकटाच."

"मग तसं लिहू. आणि एक माणूस ठेवायला पैसे मागू."

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, नाव घाला कुणाचंही."

"म्हणाले होते," थोरली म्हणाली. "आता नाही म्हणत."

जुना असूनही आज जिन्याला डोकं आपटून तो गेल्यावर तिने पत्र लिहायला घेतलं. एका बैठकीत लिहिलं, परत वाचलं नाही, आणि धाकटीला हाक मारून वरून बोलावलं आणि सही घेतली. धाकटीने कागद न वाचताच सही केली. वाच तरी, असं थोरली म्हणाली. तुम्ही लिहिलंय ना, असं धाकटी म्हणाली आणि पोळपाट तसाच टाकून आले म्हणत परत गेली. थोरली कागद हातात धरून थोडा वेळ उभी होती. मग पाठवून टाकला.

जेवायला सगळे एकत्र बसले. दीर त्या दिवशी घरी होता, धाकटीची मुलं एकमेकांना कोपर मारत होती. थोरलीने सगळ्यांना वाढलं, स्वतःचं ताट घेऊन बसली, आणि पाण्याच्या जगकडे बघत म्हणाली,

"पत्र गेलं दुपारी. नाव हिचंच आहे. वर्षभर राहील असं लिहिलंय. परीक्षा पुढच्या वर्षी देईल असंही लिहिलंय, तेव्हा ती द्यायची."

लेकीचा घास हातातच राहिला. "आई, खरंच?"

"माझं बोलून झालेलं नाही. सोमवारपासून पहाटे मीही जाणार आहे तुमच्याबरोबर."

धाकटीची मुलं कोपर मारायची थांबली. मग धाकटी म्हणाली, "या की ताई. मुलांना बरं वाटेल."

"मुलांसाठी येत नाहीये. मुलं मला फारशी आवडत नाहीत. पगार नको, कागदावर नावही नको."

"मग तू तिथे करणार काय?" नवऱ्याने विचारलं.

"बसेन."

"आई, तुला पहाटे उठवत नाही," लेक म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती की भीती, ते थोरलीने तपासलं नाही.

"उठतेच मी. रोज जागी असते. दाराशी कुजबुजायचं नाही, मला हाक मारायची. मी आल्याशिवाय दार ओढायचं नाही."

धाकटीने मान हलवली. सासूबाईंनी ताटातलं सावकाश संपवलं, मग विचारलं, "आणि माझा सकाळचा चहा?"

"तो हे करतील," थोरली म्हणाली.